आत्याचा खेकडा

आत्याचे वडील गेल्यावर तिच्या भट्टीवर एकही कामगार टिकला नाही. घण जड नव्हता, आत्या जड होती. चामडं कापायची रापी ती स्वतः ठोकायची, पातं कडक व्हावं म्हणून पाणी द्यायची, धार लावायची. नखावर धार पाहून मन भरलं, तरच मुठीजवळ खेकड्याचा छाप मारायची. नाहीतर पातं परत भट्टीत. छाप तिनंच कोरला होता. गिऱ्हाईक दुकानाचं नाव कधी विचारत नसे. "खेकडा द्या," एवढंच म्हणे.

तिच्याच हाताखाली शिकलेल्या भाच्यानं दुकानाला नाव देऊन पाटी लावली आणि ते नाव कचेरीत स्वतःच्या नावे नोंदवलं.

"पाटीनं लोखंड तापत असेल तर आणखी दोन लाव," आत्या म्हणाली.

पुढं दोघांचं बिनसलं. भाच्यानं पाटी उचलली, पलीकडच्या रस्त्यावर दुकान थाटलं आणि तसाच छाप कोरून घेऊन बाहेरून आणलेल्या तयार राप्यांवर खेकडा मारून विकायला लागला.

आत्यानं वकीलबाईंना गाठलं. "नाव त्याच्याकडे गेलं. खेकडाही गेला का?"

"नाही, मावशी. नाव नोंदवलं म्हणजे धंदा कोण करतं ते कळवलं, तेवढंच. खेकडा ही मालाची खूण. माल कुणाचा, ते लोक तिच्यावरून ओळखतात. आधीपासून तुम्ही वापरताय, तर हक्क तुमचा. तरी तीही नोंदवून टाकू. तुमच्याच मालावर मारता ना?"

"माझ्या. आणि धार लावायला आलेल्या इतरांच्याही. काम मनासारखं झालं की मारते."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मग तो म्हणेल, मीही तेच करतो! दुसऱ्याच्या पात्यावर खेकडा दिसला, तर ते तुम्ही बनवलं हे कशावरून? आधी ते बंद करा."

आत्या घुश्शातच घरी आली, पण बंद केलं. दुसऱ्याच दिवशी बूट शिवणारे तात्या परकी रापी घेऊन आले. धार झाली.

"खेकडा राहिला की गं."

"पातं माझं नाही."

"आजवर बरं चालत होतं!"

"आजवर चुकत होते."

तात्या फणफणत भाच्याकडे गेले. तिथं खेकड्याची नवी रापी लगेच मिळाली. आठवड्यात ते परत आले आणि रापी ऐरणीवर आपटली. टोक तुटलं होतं. "तुझा खेकडा जाड चामड्यात मोडला. माझं कामही गेलं आणि तुझी अब्रूही!"

आत्यानं तुटकी कड उजेडात धरली. पोलादाला पाणी नीट बसलं नव्हतं. धार मात्र सुरेख होती. भाच्याच्या हातची, तिनंच शिकवलेली.

ती तशीच रापी घेऊन भाच्याकडे गेली. तो आधीच म्हणाला, "आत्या, मी तुझंच करतोय!"

"हो. म्हणून तर आले. धार बघून छाप मारायला मी शिकवलं, चूक माझी. पण हे पातं कुणी ठोकलं, सांग."

भाच्यानं पातं उलटसुलट करून पाहिलं; खेकड्याखेरीज त्यावर कसलीच खूण नव्हती. मागोमाग आलेले तात्या दारात उभे राहून दोघांकडे बघत होते.

"नाव तुझं, ते ठेव," आत्या म्हणाली. "धारेचं काम तुझं चांगलं आहे, त्याच नावानं कर. छाप इकडे दे. नाही दिलास तर वकीलबाई आहेतच."

भाच्यानं गल्ल्यातून छाप काढला. तिच्या हातावर ठेवला.

"बसणार का? चहा सांगतो."

"सांग," आत्या म्हणाली. "आणि तात्यांना नवी रापी मी देते. उद्या नाही, परवा. पाणी द्यायला घाई चालत नाही."