उंदरांच्या मागचा नंबर

"आधी लिव्हा, पावणं. थेंब न्हाय!"

मी सुई टोचण्याआधी अण्णा एवढं बजावायचेच. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, आणि आवाज असा की रांगेतली रडकी पोरं गप्प व्हायची. मंगळवार पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये तुम्ही कधी रक्त द्यायला बसला असाल, तर तो तुम्हीही ऐकला असेल.

पहिल्या खेपेला चूक माझीच झाली. यकृतावर चरबी म्हटल्यावर फॉर्मवर 'मद्यपान'पुढे मी सवयीने 'होय' लिहून मोकळा झालो. अण्णांनी ते वाचलं. आता ओरडणार असं वाटलं, पण ते हळू आवाजात म्हणाले, "माझा थोरला भाऊ ह्याच दुखण्यानं गेला. दारूला कधी शिवला न्हाय. तरी त्येची बायको रोज तोंडाचा वास घ्यायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं. न पिताही यकृतात चरबी साठते, आणि काही घराण्यांत ती खोट जन्मतःच असते. परदेशात यकृतात निरोगी जनुक घालून बघतायत, पण अजून उंदरांवरच.

"उंदरं कशाला? मी हाय की!"

"अण्णा, जीव जाईल," डॉक्टर म्हणाले.

"जाऊ दे की. औषध लागू पडलं तर खोट जन्माची हुती हे तरी ठरंल. भाऊ सुटंल माझा."

त्यांनी मला बसवून परदेशातल्या एका प्रयोगशाळेला पत्र लिहायला लावलं. गोड शब्दांत नकार आला. "म्हंजे नंबर लागणार, जरा उशिरा," असा अर्थ त्यांनी काढला आणि तोवर टिकायचंच असं ठरवलं. साखर सोडली, जेवण निम्म्यावर आणलं, दर रविवारी जोतिबाचा डोंगर पायी चढू लागले. तीन महिने झाले की हजर. "उंदरं काय म्हंत्यात?" मी आपला हसायचो. सात वर्षं हा माणूस हटला नाही. यकृत मात्र आधीच कडक होऊन बसलं होतं; शेवटी त्यातच ते गेले.

त्यांना रिवाजाप्रमाणे बसवून माती दिली. बेल, भस्म वाहून झालं. मागे कुणीतरी पुटपुटलं, "लिवर गेलं म्हणं. घेत असणार."

चारचौघांत मी कधी तोंड उघडत नाही. पण वळलो आणि ओरडलोच, "सात वर्सं ह्यांचं रक्त मी तपासलंय. दुखणं जन्माचं हुतं. ह्यांचंबी आन थोरल्या भावाचंबी!"

भावाचं रक्त मी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी बोललो.

बायकांच्या घोळक्यात थोरल्याची बायको उभी होती. ती मटकन खाली बसली.