खलनायकाच्या हातचा घास

सोलापूरच्या नाट्यस्पर्धांत मी राजा झालो, साधू झालो, एकदा तर नुसता आवाज झालो. रस्त्यात कुणी ओळख दाखवली नाही. मग मालिकेत बापाला घराबाहेर काढणारा मिशाळ मुलगा वाट्याला आला आणि मंडईतल्या बायका मला भाजीच्या जुड्या निवडून द्यायच्या बंद झाल्या. मला त्याचा केवढा अभिमान!

तो अभिमान उतरला कुंभारी गावातल्या आमच्या घरात. अण्णांना, म्हणजे वडिलांना, पक्षाघात झाला होता. वाचा परत आली, पण माणसं ओळखू येईनात. मी एका दिवसाची सुट्टी काढून आलो, दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन जवळ बसलो, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ह्याला भाईर काढा. ह्यो मला घरातनं हाकलतोय."

बहीण म्हणाली, "रोज सांजच्याला बघत्यात की तुझं काम. आता भोग."

परत जायच्या आधी त्यांनी माझ्या हातचे चार घास खावेत, एवढंच मला हवं होतं. नटाला सुचावं तेच सुचलं. मिशी काढली. मालिकेत कालच्या दृश्यात मिशी असेल तर आजही लागते, हे आठवलं तेव्हा मी तोंड धूत होतो. दिग्दर्शकाला फोन केला. तो म्हणाला, "नकली लावू. खाज सुटली तर मला सांगायचं नाही."

संध्याकाळी पुन्हा वाडगा घेऊन गेलो. अण्णांनी मला न्याहाळलं.

"नवा आलास का रं कामाला?"

"व्हय."

त्यांनी घास घेतला. एवढ्यात मालिका लागली. भाग आधीच चित्रित झालेला, त्यामुळे पडद्यावर मी मिशीसकट ओरडत होतो.

अण्णा माझ्या कानाशी आले. "ह्यो माझा पोरगा. लई वंगाळ. ह्याच्या वाऱ्याला उभा ऱ्हाऊ नगंस."

"दुसरं पोरगं न्हाय का तुमाला?" हे विचारायची काही गरज नव्हती.

"हुता की एक. नाटकात काम करायचा. मी एस्टी डेपोत लावून जायचो बघाया. मागं हुबा ऱ्हायचो. खाकी कपड्यात म्होरं कसं बसायचं?"

अण्णांनी माझं एकही नाटक पाहिलं नाही, असं मी आजवर चारचौघांत सांगत आलो होतो. चांगला रंगवून सांगायचो.

"त्याला म्हाईत हाय का हे?"

"न्हाय. कशाला सांगायचं?"

मी पुढचा घास धरला. त्यांनी तोंड मिटलं.

"उद्या येशील न्हवं?"

माझी गाडी त्याच रात्रीची होती. दारात बहीण उभी होती.

"येतो, अण्णा," मी म्हणालो. कामाला आलेला नवा माणूस मालकाला पहिल्याच दिवशी अण्णा म्हणेल का, हे नंतर सुचलं. त्यांनी तोपर्यंत तोंड उघडलं होतं.