चित्रातलं धुकं

सांगलीच्या आमच्या घरी हॉलमध्ये हिवाळ्यातल्या एका शहराचं तैलचित्र आहे. धुक्यात बुडालेला रस्ता, ओली झाडं, दिव्यांचे पिवळे ठिपके. येणारा जो तो फ्रेमचं कौतुक करतो आणि माझं डोकं फिरतं.

परवा तासगावहून मामा आले. त्यांची द्राक्षबाग आहे. चहा निवून गेला तरी ते चित्रासमोरून हलेनात. शेवटी म्हणाले, "लय धुकं हाय रं. घडांवर दावण्या रोग येणार. सकाळीच औषध मारायला पायजे."

"अहो मामा, चित्र आहे ते!" मी वैतागलोच.

"व्हय, कळतंय की," म्हणत त्यांनी मोबाईल काढला आणि मामीला विचारलं, "बागंत धुकं पडलंय का गं?"

फ्रेमबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.