ट्रायचे गुण किती?

इथले अमानवीय अनुभव मी वाचते ते खरं तर खाली कॉमेंटमध्ये फाटे फोडायला. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी विचारणार, साडी सुती होती का सिल्कची... माझे बाबा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यामुळे भूत, भानामती, अंगात येणं यातलं काहीच आमच्या घरात खपायचं नाही. तेव्हा आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर जुन्या मंडळींना हसू येईल. हसा खुशाल. पण शेवटपर्यंत वाचा आणि कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

साल २००५. लग्न झालं आणि मी पुण्याहून थेट डीमनला आले, ॲमस्टरडॅमला खेटून असलेल्या गावात. निरंजन, म्हणजे नवरा, सकाळी मेट्रोने ऑफिसला जायचा आणि मी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून लोकांच्या सायकली बघत बसायचे. नोकरी नाही, डच येत नाही. आईला फोनवर मात्र सांगायचे, मजेत आहे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी मी खलबत्त्यात दाणे कुटत होते. अचानक हॉलमधल्या हीटिंगच्या पाइपवर खालून ठण् ठण् ठण् ठण् ठण्! खालच्यांना आवाजाचा त्रास झाला, आता तक्रार करणार... मी डब्यात चार बेसनाचे लाडू भरले आणि माफी मागायला खाली गेले.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका गोऱ्या आजोबांनी. चेहरा आनंदाने लाल. हातात चहाचा चमचा. टीव्हीवरच्या रग्बी मॅचमध्ये आयर्लंडने ट्राय केला होता, म्हणून ते पाइप बडवत होते! आणि गंमत म्हणजे माझं कुटणं ऐकून त्यांना वाटलं होतं, वरचेही आयर्लंडवालेच दिसतात, उत्तर देतायत. लाडू त्यांनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ला.

हे फिनबार. तरुणपणी कामासाठी इकडे आले, डच बायको केली आणि इथलेच झाले. बायको वारलेली, मुलगी ओर्ला टिलबर्गला. मी त्यांना अंकल म्हणायचे. काकाच म्हणणार होते, पण डचमध्ये तो लहान मुलांच्या 'शी'चा शब्द, त्याला भलताच वास येतो असं निरंजनने वेळीच सांगितलं.

तिथून आमचे शनिवार ठरून गेले. त्यांच्याकडे बीबीसीवर मॅच, त्यांचा काळाकुट्ट चहा, माझा चिवडा. रग्बी मी कबड्डीच्या हिशोबाने शिकले. पकड कळायला वेळ लागला नाही, पण चेंडू मागेच फेकत पुढे जायचं हे काही केल्या डोक्यात शिरेना. रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे गुण पाच, म्हणून पाइपवर ठोके पाच. पेनल्टीचे तीन ते कधीच ठोकायचे नाहीत. लाथ मारून मिळालेल्या गुणांचं कसलं कौतुक, म्हणायचे. मला वर काम असलं तर मी ठोके ऐकून माझ्या स्टीलच्या उलथन्याने तेवढेच ठोके परत द्यायचे. निरंजन म्हणायचा, तुम्ही दोघं आख्ख्या बिल्डिंगला वेड लावणार.

चहा संपला की त्यांचा एक प्रश्न असायचा. आयर्लंडकडून पहिल्याच मॅचला ट्राय करून पुन्हा कधी टीममध्ये न दिसलेला कोण? स्क्रमच्या घोळक्यात मान घालून ढकलणारा गडी असूनही कडेने पळणाऱ्या विंगरसारखे ट्राय करणारा कोण? मला एकही उत्तर यायचं नाही. त्यांचा नियम एकच, उत्तर पुढच्या शनिवारी. त्या परक्या गावात पुढच्या शनिवारची वाट बघायला लावणारं तेवढं एकच माणूस होतं. मला ते फार आवडायचे, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते आजारी पडले. आधी खोकला, मग नुसतेच बारीक होत गेले. ओर्ला त्यांना टिलबर्गच्या हॉस्पिटलात न्यायला आली. घराची किल्ली आणि कुंड्या माझ्याकडे दिल्या. येत्या शनिवारी मॅच होती. ते म्हणाले, डोळे उघडे ठेवायची ताकद नाही आता, तू फोनवर ठोके ऐकव. मी हो म्हटलं. हे एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं आणि ते मला नीट करायचं होतं.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली.

"आजचा प्रश्न राहिला. ट्रायचे गुण किती?"

मी हसले. "अंकल, एवढं तर मलाही येतं. पाच."

"उत्तर पुढच्या शनिवारी," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी आम्ही आमच्या हॉलमध्ये टीव्ही लावला. कॉर्डलेस फोन एका हातात, उलथनं दुसऱ्या. तिकडे ओर्लाने रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला होता. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ नुसत्या पेनल्ट्याच चालल्या होत्या. मग चेंडू हातोहात बाहेर आला, विंगर पळत सुटला आणि कोपऱ्यात त्याने झेप घेतली. ट्राय! मी उलथनं उचललं...

आणि पाइप वाजला. खालून. ठण्. ठण्. ठण्.

तीनच. माझा हात तसाच वर राहिला. निरंजन सोफ्यावरून उठून उभा राहिला होता, त्यालाही ऐकू गेलं होतं. कसेबसे मी माझे पाच ठोके दिले. आणि फोनवर अंकल हसले. कित्येक आठवड्यांत न ऐकलेलं ते त्यांचं खळखळून हसणं. काहीतरी बोललेही, पण मला समजलं नाही.

मॅच तशीच टाकून आम्ही किल्ली घेऊन खाली धावलो. दार कुलूपबंद. आत पडदे ओढलेले, कुंड्या जागच्या जागी. चहाचा चमचा नेहमीसारखा पाइपशेजारी खिडकीत. घरात कुणीही नव्हतं.

त्याच आठवड्यात अंकल गेले.

ओर्ला घर रिकामं करायला आली, तेव्हा मी तिला चहाला बोलावलं आणि विचारलं, फोनवर ते काय म्हणाले होते?

"म्हणाले, डर्मट घरी आलाय."

डर्मट त्यांचा थोरला भाऊ. ओर्लाच्या जन्माआधीच वारलेला. लहानपणी फिनबार एक आख्खा हिवाळा छातीच्या दुखण्याने माडीवर अंथरुणाला खिळून होते. रेडिओ खाली स्वयंपाकघरात. आयर्लंडने ट्राय केला की डर्मट खालून पाण्याच्या पाइपवर चमच्याने ठोकायचा, धाकट्याला कळावं म्हणून. तीन वेळा.

"पाच ना?" मी विचारलं. तिला मी तोवर काहीच सांगितलं नव्हतं.

"नाही, तीन. त्या काळी ट्रायला तीनच गुण मिळायचे. पुढे चार झाले, मग पाच. बाबा हा प्रश्न सगळ्यांना घालायचे आणि सगळे चुकायचे."

मी हातातला कप खाली ठेवला आणि रडले. ओर्लाला वाटलं, तिच्या बाबांसाठी रडतेय. तेही खरंच होतं.

निरंजन आजही म्हणतो, गरम पाणी फिरलं की पाइप वाजतात. बाबांनीही फोनवर प्रसरण-आकुंचन समजावलं. मान्य. पण त्या घरात आम्ही पुढे दोन हिवाळे काढले, आणि तो पाइप पुन्हा कधी तसा वाजला नाही. आणि पाइपला ट्राय कसा कळला, हे दोघांनाही सांगता येत नाही. मलाही नाही.

आता आम्ही दुसरीकडे राहतो. फेब्रुवारीत आयर्लंडची मॅच असली की मी उलथनं घेऊन रेडिएटरपाशी बसते. मुलगी हसते. ट्राय झाला की लगेच ठोकत नाही... आधी थोडं थांबते.