मस्तगडची बिनभिंतीची बाग

माझी धाकटी बहीण शांता जालन्याला मस्तगडात दिलेली. ती लांबलेल्या तापातून उठली खरी, पण झोप म्हणून येईना. रात्रभर आढ्याकडे बघत पडायची. हकीम म्हणाले, हिला रोज मोकळ्या हवेत बसवा. आता दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात मोकळी हवा आणायची कुठून? अशात निरोप आला, की गल्लीतल्या बायकांनी समोरचा उकिरडा उपसून दोन वर्षांमागं केलेली बाग आता तयार आहे आणि संध्याकाळी ती फक्त बायकांसाठी राहणार आहे. मी परतूरच्या मुलींच्या शाळेत शिकवते. नागपंचमीच्या सुटीला रजा जोडली आणि निघाले.

परतूरहून सकाळची गाडी बरी. जनाना डब्यात खिडकी मिळाली तर सोडू नका. श्रावणातलं ऊन, मुगाची कोवळी रानं, मधूनच एखादी पाण्यानं चकाकणारी नाली. डोकं टेकलं की अर्धी वाट जागेपणी आणि अर्धी झोपेत जाते. जालन्याला उतरल्यावर तांगेवाला तोंडाला येईल ते मागतो. गुमान चालू लागा, मागून बराबर भावात येतो.

गावाची कळा मात्र उतरलेली. कापसाची जिन बंद, हमाल पारावर बसलेले, म्युनिसिपालटीकडे झाडू घ्यायला पैसा नाही. आणि त्यातच ही बाग! शांताची शेजारीण रझियाआपा मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. विहिरीवर सांडलेलं पाणी आणि मशिदीच्या हौदावरचं, नमाजाआधी हातपाय धुतलेलं वजूचं पाणी, दोन्ही फुटक्या कौलांच्या पन्हळीतून झाडांना सोडलेलं. बसायला जिनातली टाकून दिलेली लाकडं. कडुनिंब तिथला जुनाच, त्याच्या भोवती जाई आणि तुळस. पाण्याचा बारीक आवाज सारखा चाललेला. मला तिथून हलावंसं वाटेना.

"आणि कुंपण?" मी विचारलं.

आपा हसली. भिंत परवडत नाही म्हणून बायकांनी चहूबाजूंनी मेंदी लावली होती. दोन वर्षांत ती डोक्याएवढी झाली. मग आली यंदाची नागपंचमी. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांनी, येता-जाता एकेक मूठ म्हणत, कुंपण ओरबाडून नेलं. उरल्या नुसत्या काड्या.

"कोन तोडली म्हून कुनाला विचारू?" आपानं आपले लालभडक तळवे पुढं केले. "पैली मूठ माझीच."

मला हसू आवरेना, पण ते टिकलं नाही. बागेसमोर दुकानांची ओळ आहे, आणि त्यातले धान्यवाले देवरावकाका मोहल्ल्यातले वडीलधारे. ते म्हणाले, "आडोसा न्हाई तर बायका बसतील कशा? लोक काय म्हणतील? दुसरं काही लावा, वाढू द्या, मंग पुढच्या साली बघू."

शांता वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी होती. ऐकलं आणि उंबऱ्यावरच खाली बसली. पुढचं साल! मला असा संताप आला, की काकांना काय बोलू नि काय नको.

दुसऱ्या दिवशी आपा आणि मी मोटारीनं अंबडला गेलो. रस्ता हाडं खिळखिळी करतो. सकाळी पोटभर जेवून जाऊ नका. अंबडच्या बाजारात गरम भजी खाल्ली आणि एका मळ्यातून अडुळशाच्या काड्या आणल्या. अडुळसा शेळी खात नाही आणि हाताला रंगही देत नाही. पण वाढायला वेळ हा लागणारच.

काड्या लावताना आपा काकांना म्हणाली, "काका, बायकांना कायको झाकून राह्यले? बघनारे तुमी. तुमची दुकानं झाका ना."

काका तडक दुकानात निघून गेले. मला वाटलं, रागावले.

तिसऱ्या दिवशी ऊन कललं आणि काकांच्या दुकानावर आतून बारदानाचा पडदा खाली आला. मग शेजारच्या दुकानावर. मग एकेक करत सगळ्यांवर. आतून गिऱ्हाईक कुरकुरलं, "काका, अंधारात ज्वारी कशी बघू?"

"हातानं बघ."

शांताला निंबाखाली सतरंजीवर बसवलं. वारा आरपार येत होता. ती वर बघत राहिली, मग कलंडली, आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला. मी श्वास रोखून बसले. अजान झाली, दिवेलागण झाली, बाकीच्या बायका भाकरी टाकायला गेल्या. पडदे उठायची वेळ कधीच टळून गेली होती. एकही उठला नाही.

बारदानामागून काकांचा हळू आवाज आला, "उठली का लेक?"

"नाही, काका," मी म्हटलं.

"राहू द्या मंग."

जायचं असेल तर श्रावणात जा, आणि बाई असाल तर ऊन कलल्यावर बागेत बसा. पुरुषांनी तेवढा वेळ ज्वारी हातानं बघून घ्यावी. आमच्याही स्टेशनामागं असा एक उकिरडा आहे. तिथं काड्या मी लावीन. पडदा कोण सोडील, याचा विचार मात्र गाडीत बसल्यापासून करते आहे.

घरी पिशवी ठेवते न ठेवते, तोच आईनं विचारलं, "शांता कशी आहे?"

"झोपते आता," मी म्हटलं.

आई पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडत होती.