योहानकाका उशिरा येणार नाहीत

माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही, हे आधी सांगते. चौथी शिकलेली बाई, तिचं कोण ऐकतो? ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. जर्सी सिटीत आमची वीस-पंचवीस माणसांची मराठी मंडळी, एका अमेरिकन चर्चच्या तळघरात दर रविवारी दुपारी दोनला उपासना. माणसं थोडी, पण किस्से इतके साठले की आता पोटात राहत नाहीत.

*

विजय इंजिनियर. महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. "काकू, मी कारमध्ये प्रवचनाची कॅसेट ऐकतो. सेमच आहे."

मी म्हटलं, "तीन रविवार तू दिसला नाहीस, तर कॅसेट विचारते का, कुठं मेला होतास?"

पुढच्या रविवारी हजर. पहिल्या बाकावर.

*

मला पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, बायबलमधलं वचन वाचायला उभं केलं. एका ओळीतच घाम फुटला. साहेब म्हणाले, "पुढच्या रविवारी दोन ओळी."

असं करत अख्खा अध्याय वाचायला लागले. घरी बसून जमलं असतं? एकदा तर थांबेचना. साहेब हळूच म्हणाले, "सुशीलाबाई, प्रवचनाला थोडा वेळ ठेवा."

*

आमचे हे मॅट्रिकला गणितात पहिले. रविवारी अंथरुणातून म्हणायचे, "देव काय हजेरी घेतो?"

"देव घेत नसेल. मी घेते. उठा."

*

माझ्या हजेरीत योहानकाका तीन वर्षांत एकदाही चुकले नव्हते. सत्तरीचे, एकटे राहायचे. दीडलाच येऊन सगळ्यांसाठी चहा ठेवायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी इथं घड्याळं तासभर मागं घेतात. त्या रविवारी दोन वाजले, चहा नाही, काका नाहीत.

हे म्हणाले, "घड्याळ बदलायला विसरले असतील. येतील तासाभरात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इंजिनियरनंसुद्धा.

"अहो, मागं घ्यायला विसरला तर माणूस तासभर आधी येतो. उशिरा कसा येईल?"

"काकू, उपासना सुरू होऊ द्या ना."

पहिल्या गीतापर्यंत कळ काढली. मग विजयची कॉलर धरली. "गाडी काढ."

काकांच्या बिल्डिंगच्या माणसानं किल्लीनं दार उघडलं. काका स्वयंपाकघरात जमिनीवर, स्टूल आडवं, पाय वाकडा. छातीवर भिंतीवरचं घड्याळ, काटे बरोबर मागं फिरवलेले.

डोळे उघडून म्हणाले, "सकाळपासून हाका मारतोय. चहा कुणी केला?"

विजय तिथंच बसून रडला. मी आधी अँब्युलन्सला फोन केला, मग रडले.

हाड मोडलं होतं, पण जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र तिथंच गेली असती तर कठीण होतं. संध्याकाळी सगळी मंडळी पलंगाभोवती. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, सगळ्यांनी हुश्श केलं.

काकांनी एकेकाकडे पाहिलं. "मी उशिरा येतो, असं कोण म्हणालं?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. पंचवीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याचं नाव चारचौघांत कधी घेतलं नव्हतं.

मी म्हटलं, "शांतवन."