चाळीस प्रश्नांचं पत्रक

कथा लिहायची म्हणजे आधी सामान जमवायला हवं, असं माझं पक्कं मत होतं. बदामी कागदाची वही झाली, शाईचं पेन झालं, पेन गळतं म्हणून टिपकागद झाला. मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घेतलं. रोज पाचशे शब्द लिहिले नाहीत की त्यातलं रोपटं सुकायचं. माझं रोपटं एका आठवड्यात तीनदा मेलं. नवरा म्हणाला, "अगं, गॅलरीतल्या खऱ्या तुळशीला तरी पाणी घाल." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांत लिहिलंही नाही, पण ते जाऊ दे.

मला हवं होतं ते एवढंच, की एका दिवाळी अंकात माझी एक कथा छापून यावी. तीन वर्षं माझी कथा साभार परत येत होती, आणि यंदा मी ऑफिसात सगळ्यांना आधीच सांगून बसले होते. आता कथा आली नसती तर डब्याच्या टेबलावर माझी वाट लागली असती. म्हणून पवईला दोन रविवारची कथालेखन कार्यशाळा केली. मार्गदर्शकांनी माझी कथा वाचली आणि म्हणाले, "तुमची नायिका मेलेली आहे." मी म्हटलं, "हो सर, शेवटी मरते." ते म्हणाले, "नाही, ती पहिल्या परिच्छेदापासूनच मेलेली आहे."

मला राग आला. पण खरं होतं. माझी नायिका डोंगरावरच्या बंगल्यात राहायची आणि सारखी क्षितिजाकडे बघायची. मी स्वतः मुलुंडला राहते, माझ्या खिडकीतून समोरच्या विंगचा ड्रेनेज पाइप दिसतो. क्षितिज मी कुठून आणणार?

यावर उपाय म्हणून सरांनी एक पत्रक दिलं. दोन पानं, चाळीस प्रश्न. प्रत्येक पात्रासाठी ते भरायचं, म्हणजे पात्र जिवंत होतं. मी स्टेशनजवळ त्याच्या तीस झेरॉक्स काढल्या. कथेत पात्रं तीन, पण पुढेमागे कादंबरी लिहिली तर असाव्यात. झेरॉक्सवाल्याने पहिल्या पानांचा एक गठ्ठा दिला आणि दुसऱ्या पानांचा दुसरा. घाईत त्याने कागद वाकडा लावला होता, त्यामुळे सगळ्यात वरची 'कथालेखन कार्यशाळा' ही ओळ कापली गेली. ते मी बघितलंच नाही.

येताना भाजी घेतली, दूध घेतलं. दुसरा गठ्ठा पर्समध्ये कोंबला आणि पहिला गेटवर वॉचमनच्या टेबलावर ठेवला. "जरा ठेवा, नंतर नेते," म्हटलं आणि वर जाऊन साफ विसरले.

आता आमच्या सोसायटीची रीत अशी, की त्या टेबलावर कागदांचा गठ्ठा दिसला की तो संध्याकाळपर्यंत प्रत्येक दाराच्या कडीत अडकवलेला असतो. आणि आमची बिल्डिंग नऊ वर्षांपासून रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. तेव्हा 'पूर्ण नाव. वय. घरात माणसं किती? सध्याचं घर कसं आहे? ते सोडावं लागलं तर सोबत काय न्याल?' असा कागद दारात आल्यावर लोक काय समजणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर वॉचमनने भरलेला गठ्ठा हातात ठेवला. "मॅडम, एकवीस आले. बाकीचे उद्या देतो बोलले."

मी जिन्यातच वाचायला सुरुवात केली. तिघंच राहतात त्या एका घरात सात माणसं निघाली, त्यात गावची आजीसुद्धा. 'कशाची भीती वाटते?' याला चौघांनी लिहिलं होतं, बिल्डर पळून जाईल याची. 'जगापासून काय लपवलं आहे?' याला पहिल्या मजल्यावरच्यांचं प्रामाणिक उत्तर होतं, गॅलरी आत घेतली आहे. 'आयुष्यात सगळ्यात जास्त काय हवं आहे?' याखाली एकवीसपैकी चौदा जणांनी लिहिलं होतं, दुसरं टॉयलेट. माझी नायिका आयुष्यभर क्षितिज मागत होती. तिला भाडोत्री म्हणूनसुद्धा आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी घेतलं नसतं.

मालवणातून आलेल्या एका आजींनी सोबत न्यायच्या वस्तूंत लिहिलं होतं, 'पाटा-वरवंटा. मिक्सर आसा, तरी नेतलंयच.' मला जिन्यात उभ्या उभ्या रडू आलं. हसूही येत होतं. अशी एक ओळ मला तीन वर्षांत जमली नव्हती.

आमचे सेक्रेटरी म्हणजे ओला कचरा सुक्यात टाकला तर पिशवी उघडून पत्ता शोधणारा माणूस. त्यांनीही पत्रक भरलं होतं. नाव, वय, आणि खाली ओळीने लागू नाही, लागू नाही, लागू नाही. 'मनमोकळं शेवटचं कोणाशी बोललात?' याच्यापुढेही आधी लागू नाही लिहिलं होतं. मग ते खोडून बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मिसेस होत्या तेव्हा.'

शनिवार ही अंकाची शेवटची तारीख होती आणि माझ्या हातात एकवीस जिवंत माणसं होती. मोह झाला, खोटं कशाला बोलू? नवऱ्याला दाखवलं. तो वाचून म्हणाला, "हे त्यांनी तुला नाही, बिल्डरला सांगितलंय." हा माणूस वर्षातून एकदा बरोबर बोलतो आणि तेही नेमकं नको तेव्हा.

शुक्रवारी संध्याकाळी मी दारोदार माफी मागत फिरले. काही हसले, काही चिडले. आजींनी कागद घेतला आणि विचारलं, "म्हणजे टॉयलेट एकच?"

सेक्रेटरींचं दार मी शेवटी ठेवलं होतं. त्यांनी मला दारातच धरलं. "परवानगीशिवाय परिपत्रक काढलंस. मीटिंगमध्ये विषय घेऊ का?"

मी म्हटलं, "चुकलं काका. ते माझ्या कथेसाठी होतं. रिडेव्हलपमेंटशी त्याचा काही संबंध नाही."

"ते मला सहाव्याच प्रश्नाला कळलं. सेक्रेटरी आहे मी."

"मग भरलंत कशाला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "विचारलं म्हणून," ते म्हणाले.

मी कागद पुढे केला, तर त्यांनी तो हातात घेतला आणि उलटून पाहिला. "शेवटी खाली लिहिलंय, कृपया मागील पान पाहा. मागे तर काहीच नाही. दुसरं पान कुठाय?"

ते अजून माझ्या पर्समध्येच होतं. मी काढून दिलं. त्यांनी दार पूर्ण उघडलं, मला खुर्ची दिली आणि कागद परत माझ्याच हातात ठेवला.

"तू लिही, मी सांगतो. अक्षर नीट काढ," ते म्हणाले. "आणि कथेत घालायचं असेल तर घाल. फक्त मजला बदल."

त्या दिवाळीला माझी कथा छापून आली. मजला बदलला आहे.